१०३७ तक्रारी

दारचा कचरा वेळेवर उचलला जात नाही, आणि तक्रार केली तर तिची दाद लागत नाही, हे गाऱ्हाणे शहरांइतकेच जुने आहे. अशा गाऱ्हाण्याची दाद अखेर कशाने लागते, हे पाहावयाचे असेल तर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या शिकागो शहराकडे वळावे.

त्या शहराच्या पश्चिम भागात १८८९ साली जेन अॅडम्स आणि एलेन स्टार या दोन मैत्रिणींनी 'हल हाऊस' ही लोकसेवेची संस्था स्थापन केली. भोवती एकोणिसावा वॉर्ड. वस्ती सुमारे ५०,००० आणि तीही बहुतेक परदेशांतून आलेल्या गरिबांची. रस्त्यांच्या कडेला फरसबंदीला ठोकलेल्या मोठमोठ्या लाकडी पेट्या, आणि त्यांत दिवसेंदिवस कुजत पडलेला कचरा. इटालियन व ग्रीक फेरीवाल्यांची सडलेली फळे-भाजी त्यांतच पडे. रांगती पोरे चढावयास शिकत ती या पेट्यांवर. मोठी मुले लुटुपुटीच्या लढाईत त्यांच्याआड दडत आणि त्यांतलाच माल एकमेकांवर फेकीत!

पहिली तीन वर्षे संस्थेने लोकांना समजावून सांगण्यात घालविली. खेड्यात बाईने आपले अंगण झाडले की भागते. शहरात शेजारचा कचरा पडून राहिला तर आपले मूल दगावते, म्हणून शहर स्वच्छ राखण्याच्या कामी अधिकाऱ्यांना साह्य केले पाहिजे, असा तो उपदेश होता. नगरपालिकेकडे तक्रारीही गेल्या. फरक पडला तो नावापुरता. पुढे जेनबाईंच्या स्वतःच्या अशक्त भाच्याला त्या दुर्गंधीमुळे हल हाऊसमध्ये ठेवणे अशक्य झाले, तेव्हा त्या खडबडून जाग्या झाल्या. इतरांची मुले कायमची निघून गेली तेव्हाच आपण का हललो नाही, याची लाज वाटते, असे त्यांनी आत्मचरित्रात मोकळेपणाने लिहून ठेविले आहे.

आता तक्रारीचे रूप पालटले. कोणत्या वॉर्डात कचरा कसा उचलला जातो आणि तेथे मृत्यूचे प्रमाण किती, याची पद्धतशीर पाहणी सुरू झाली. १८९४ च्या उन्हाळ्यात बारा स्त्रिया आठवड्यातून तीन संध्याकाळी गल्लीबोळ हिंडल्या. दिवसभर घरचे काम करून थकलेल्या या बाया! ऑगस्ट व सप्टेंबर या दोन महिन्यांत नियमभंगाच्या १०३७ खात्रीच्या तक्रारी आरोग्यखात्याकडे गेल्या. परिणाम काय झाला? वॉर्डातले तीन निरीक्षक एकामागून एक बदलले गेले. कचरा मात्र होता तेथेच राहिला. येथेच या हकीकतीचा खरा बोध आहे. माणूस बदलला, व्यवस्था बदलली नाही.

१८९५ च्या वसंतात जेनबाईंनी वॉर्डातील कचरा उचलण्याच्या कंत्राटासाठी स्वतःच निविदा भरली. ती एका तांत्रिक मुद्द्यावर फेटाळली गेली. पण गाजावाजा इतका झाला की महापौरांनी त्यांनाच वॉर्डाचे कचरा-निरीक्षक नेमले. वेतन वर्षाला १००० डॉलर. आपल्या माणसाला द्यावयाची जागा हातची गेली म्हणून राजकारणी मंडळी संतापली. जेनबाई पहाटे सहाला उठून कामगार वेळेवर आले की नाही ते पाहत आणि भरलेल्या गाड्यांमागोमाग थेट उकिरड्यापर्यंत जात. मग रोगाचे मूळ सापडले: गाड्याच पुरेशा नव्हत्या! त्यांनी कंत्राटदाराला नऊच्या तेरा आणि तेराच्या सतरा गाड्या करावयास लाविले. प्रत्येक गाडीमागे मला तोटा येतो, मागचे निरीक्षक सातांवर भागवून घेत, असे तो बिचारा रडत राहिला.

न्याय मात्र एकतर्फी नव्हता. कचऱ्याची भांडी न पुरविणाऱ्या घरमालकांना त्यांनी कोर्टात खेचले, आणि तबेल्यातली घाण कचऱ्याच्या गाडीत घालू पाहणाऱ्या भाडेकरूलाही सोडले नाही. एका अरुंद रस्त्यावर अठरा इंच खोदल्यावर खाली चक्क फरसबंदी सापडली. नगरपालिकेच्या दप्तरी तिची नोंदही निघाली. तेथील इटालियन रहिवाशांना फारसे नवल वाटले नाही. पुरलेली शहरे उकरून निघालेली पाहण्याची त्यांना सवयच होती, असे जेनबाई मिस्किलपणे म्हणतात.

पुढे मृत्युसंख्येच्या क्रमात हा वॉर्ड तिसऱ्यावरून सातव्या स्थानी उतरला. याला इतरही कारणे होती, हे त्या स्वतःच मान्य करतात. परंतु राजकारण्यांनी अखेरीस निराळा कायदा करून निरीक्षकाची ती जागाच मोडीत काढली. १९३१ साली जेनबाईंना शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले. जगाच्या शांततेची चिंता वाहणारी ही स्त्री एके काळी पहाटे कचऱ्याच्या गाड्या मोजीत होती, हे विसरू नये.

तक्रार लिहून देणे हे नागरिकाच्या कर्तव्याचे पहिले पाऊल होय, शेवटचे नव्हे. गाडी का आली नाही, हे जोवर कोणी गाडीमागून चालत जाऊन पाहत नाही, आणि त्या पाहणाऱ्याची जागा जोवर लोक टिकवून धरीत नाहीत, तोवर हजार तक्रारींचाही अखेर कागदच होतो. आणि तो कागदही त्याच पेटीत जाऊन पडतो.