साडेछत्तीस अंशांची रेषा

नकाशावर ओक्लाहोमा हे अमेरिकी राज्य दांड्यासकट ठेवलेल्या पॅनसारखे दिसते. पश्चिमेकडे निघालेला तो दांडा, म्हणजे तिथल्या बोलीतला 'पॅनहँडल', सुमारे १६७ मैल लांब आणि अवघा ३४ मैल रुंद आहे. त्याच्या उत्तरेला कॅन्सस आणि कोलोरॅडो, दक्षिणेला टेक्सास आणि पश्चिमेला न्यू मेक्सिको. कोणत्याही नदीने किंवा डोंगराने हा पट्टा आखलेला नाही. त्याच्या चारही बाजू सरळ आहेत, म्हणून तो मोजणीदारांच्या हातून चुकून उरलेला तुकडा असावा, असे बहुतेकांना वाटते. दुसरी समजूत अशी की गुलामगिरीच्या कायद्यामुळे टेक्सासला हा पट्टा सोडावाच लागला. मला ही दोन्ही उत्तरे अपुरी वाटतात. पट्ट्याची दक्षिण सीमा असलेली ३६ अंश ३० कलांची अक्षांशरेषा त्याच्याहून जवळजवळ दोनशे वर्षांनी जुनी आहे. ती तिथवर कशी पोचली हे पाहिले, तर भांडणाऱ्या पक्षांना नवी न्याय्य रेषा शोधण्यापेक्षा आधीच चालत आलेली रेषा किती सोयीची पडते, ते कळते.

या रेषेचे मूळ लंडनमध्ये सापडते. इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स याने १६६३ साली आपल्या आठ सरदारांना कॅरोलिनाची सनद दिली, तेव्हा वसाहतीची उत्तर सीमा ३६ अंशांच्या आसपास होती. अल्बेमार्ल खाडीकाठच्या वस्त्या त्या सीमेच्या पलीकडे पडत होत्या. त्या आत याव्यात म्हणून १६६५ च्या दुसऱ्या सनदेत सीमा अर्ध्या अंशाने वर सरकवली गेली. म्हणजे पुढे अर्ध्या खंडाचे राजकारण जिच्यावर तोलले गेले, ती रेषा मुळात काही जमीनदारांच्या करवसुलीच्या सोयीसाठी ओढलेली होती, आणि सनद लिहिताना गुलामगिरीचा प्रश्न कोणाच्या मनात असण्याचे कारणही नव्हते. उत्तरेकडच्या व्हर्जिनिया वसाहतीने ही सीमा बराच काळ मनापासून मान्य केली नाही. १७२८ साली विल्यम बर्ड आणि दोन्ही वसाहतींचे आयुक्त ग्रेट डिस्मल स्वॅम्प या दलदलीतून वाट काढत ती जमिनीवर आखू लागले, तोपर्यंत दोन पिढ्या उलटल्या होत्या. १७४९ साली जोशुआ फ्राय आणि पीटर जेफरसन यांनी ती आणखी पश्चिमेला नेली. हा पीटर म्हणजे पुढे राष्ट्राध्यक्ष झालेल्या थॉमस जेफरसनचा बाप.

त्यानंतर रेषा वाकडी गेली. १७७९-८० मध्ये डॉ. थॉमस वॉकर ती अ‍ॅपलाचियन डोंगरांपलीकडे नेत असताना उत्तरेकडे ढळत गेला आणि टेनेसी नदीपाशी पोचेपर्यंत खऱ्या अक्षांशापासून दहाबारा मैल दूर गेला होता. चूक ध्यानात आली तेव्हा तिच्या दोन्ही बाजूंना केंटकी आणि टेनेसी ही राज्ये उभी होती, शेतांचे व्यवहार झाले होते, कर भरले जात होते. १८२० साली दोन्ही राज्यांनी तोडगा काढला : नदीच्या पूर्वेला वॉकरची चुकीची रेषाच कायम राहील, पश्चिमेला मात्र खरा अक्षांश मोजला जाईल. केंटकीच्या दक्षिण सीमेत नदीपाशी दिसणारी पायरी ही त्या तडजोडीची खूण. माझ्या मुद्द्याला हा पहिला ठोस आधार. चूक उघड झाल्यावरसुद्धा लोकांनी ती दुरुस्त केली नाही, कारण दुरुस्तीसाठी सगळा हिशेब पुन्हा मांडावा लागला असता.

त्याच वर्षी, १८२० मध्ये, या रेषेच्या अंगावर नवे ओझे आले. मिसूरी हा प्रदेश गुलामगिरीसकट राज्य म्हणून आत येऊ पाहत होता आणि सिनेटमधला तोल ढळण्याची भीती होती. मेन हे गुलामगिरीमुक्त राज्य त्याच्या जोडीला घेऊन तोल सावरला गेला. त्याखेरीज इलिनॉयचे सिनेटर जेसी थॉमस यांनी सुचवलेली अट मान्य झाली : फ्रान्सकडून विकत घेतलेल्या लुइझियाना मुलखाच्या उरलेल्या प्रदेशात ३६ अंश ३० कलांच्या उत्तरेला, मिसूरी वगळता, गुलामगिरी नसेल. हाच आकडा का? गुलामांच्या श्रमावर चालणारी शेती या अक्षांशाला कुठे थांबते असे कोणी मोजलेले नव्हते, आणि खुद्द मिसूरीच रेषेच्या वर असताना गुलामगिरी ठेवत होते. कारण साधे होते. व्हर्जिनिया आणि नॉर्थ कॅरोलिनापासून चालत आलेली रेषा मिसूरीची दक्षिण सीमा म्हणून समोर तयार होती आणि ती पुढे वाढवायला नव्या वादाची गरज नव्हती.

आता टेक्सास. १८४५ साली हे प्रजासत्ताक अमेरिकेत सामील झाले तेव्हा त्याच्या नकाशावरचा दावा अवाढव्य होता : रिओ ग्रान्दे नदीच्या पूर्वेचा सगळा मुलूख आणि उत्तरेला आजच्या वायोमिंगपर्यंत, थेट ४२ अंशांना भिडणारी एक चिंचोळी पट्टी. सामिलीकरणाच्या ठरावात म्हटले होते की टेक्सासच्या प्रदेशातून ३६ अंश ३० कलांच्या उत्तरेला जी नवी राज्ये होतील त्यांत गुलामगिरी असणार नाही. प्रचलित कहाणी इथेच घसरते. ठराव 'नव्या राज्यां'बद्दल बोलतो. टेक्सासने तो उत्तरेचा भाग स्वतःकडेच ठेवला असता तर तिथे गुलामगिरी आपोआप बंद झाली असती, असे त्यातून निघत नाही. तेव्हा टेक्सासने सक्तीमुळे जमीन सोडली, ही गोष्ट कायद्याच्या कसोटीवर टिकत नाही.

मग टेक्सासने सोडली का? याचे रोखठोक उत्तर आहे पैसा. प्रजासत्ताकाच्या काळातले कर्ज डोक्यावर होते, रिओ ग्रान्देच्या पूर्वेकडच्या सांता फेवरच्या दाव्यावरून १८५० मध्ये केंद्राशी शस्त्रांची भाषा सुरू झाली होती, आणि मेरीलँडचे सिनेटर जेम्स पीअर्स यांच्या विधेयकाने टेक्सासपुढे एक कोटी डॉलर ठेवले. सप्टेंबर १८५० मध्ये सौदा ठरला. इथे एक आक्षेप रास्त आहे : हा सगळा व्यवहार कर्जाचा असेल, तर गुलामगिरीची रेषा त्यात आणायची कशाला? पण पैशाने इतकेच ठरते की टेक्सास जमीन विकेल. कुठून वर विकेल, हे पैसा सांगत नाही. ३६ अंशांवर किंवा ३७ अंशांवर रेघ मारली असती तरी कर्ज तेवढेच फिटले असते. निवडली गेली ती तीस वर्षे तडजोडीची रेषा म्हणून उत्तर-दक्षिण दोघांच्या तोंडी असलेली रेषा, कारण तिच्यावर मत देताना दोन्हीकडच्या खासदारांना आपल्या मतदारांना नवे काही समजावायचे नव्हते. पूर्वेकडची बाजू १०० रेखांश झाली. तीही आयती होती, कारण १८१९ च्या अ‍ॅडम्स-ओनिस करारात स्पेनशी हद्द ठरवताना ती वापरली गेली होती. न्यू मेक्सिकोकडची बाजू १०३ रेखांश, ही मात्र त्याच सौद्यात नव्याने आखली गेली.

राहिली उत्तर बाजू. १८५४ साली कॅन्ससचा मुलूख तयार करताना सिनेटर स्टीफन डग्लस यांच्या विधेयकात दक्षिण सीमा आधी ३६ अंश ३० कलाच होती. ती तशी राहिली असती तर पॅनहँडल जन्मालाच आला नसता. पण त्या रेषेने चेरोकी जमातीला कराराने दिलेली जमीन दुभंगत होती, म्हणून सीमा चेरोकी आणि ओसेज जमिनींच्या मध्ये, ३७ अंशांवर नेली गेली. चेरोकींचा मुलूख १०० रेखांशाशी संपतो. त्याच्या पश्चिमेला अर्ध्या अंशाचा पट्टा राहिला, तो ना कॅन्ससचा, ना टेक्सासचा, ना न्यू मेक्सिकोचा, ना चेरोकींचा. गंमत अशी की याच १८५४ च्या कायद्याने १८२० ची गुलामगिरीबंदी रद्द केली. रेषेला तीस-पस्तीस वर्षे मिळालेला अर्थ त्या कायद्याने पुसला, पण टेक्सासची सीमा म्हणून ती जागच्या जागी राहिली.

वृक्षहीन माळावर सरळ रेषांशिवाय दुसरे काय आखणार, असेही कोणी म्हणेल. पूर्वेकडे रेड रिव्हर सीमेचे काम करते, इथे तशी सोयीची नदी नव्हती, हे खरेच आहे. पण माळरानाने रेघ सरळ का आहे एवढेच कळते. ती कितव्या अंशावर आहे हे माळरान ठरवत नाही. शिवाय सरळ रेघाही मोजताना हलतात. १८५९ साली जॉन क्लार्कने टेक्सास-न्यू मेक्सिकोची १०३ रेखांशाची सीमा आखली ती दोन-तीन मैल पश्चिमेला सरकली. न्यू मेक्सिको राज्य होण्याच्या वेळी, १९११ मध्ये, अमेरिकी काँग्रेसने ती चुकीची रेषाच पक्की केली. वॉकरच्या वेळी झाले तेच पुन्हा झाले. म्हणून आजही ओक्लाहोमाची आणि टेक्सासची पश्चिम सीमा एका रेषेत येत नाही.

त्या उरलेल्या पट्ट्याला लोक 'नो मॅन्स लँड' म्हणू लागले. कागदोपत्री ही केंद्र सरकारची सार्वजनिक जमीन होती, पण शासकीय मोजणी व कचेरी नसल्याने सरकारी जमीन वसाहतकऱ्यांना देणाऱ्या होमस्टेड कायद्याखाली कोणाला तिथे हक्क नोंदवता येत नव्हता. तरीही १८८० च्या दशकात वस्ती वाढली आणि जमिनीचे तंटे लोकांनी नेमलेल्या समित्या मिटवू लागल्या. १८८७ मध्ये रहिवाशांनी निवडणूक घेऊन सिमारॉन टेरिटरी जाहीर केली आणि वॉशिंग्टनला प्रतिनिधी पाठवला. काँग्रेसने मान्यता दिली नाही. १८८८ च्या जुलैमध्ये कॅन्ससमधल्या एका काउंटीचे मुख्य ठाणे कोणत्या गावी असावे या भांडणातून इथल्या गवताच्या कुरणात चार माणसे मारली गेली. खटला टेक्सासमधल्या पॅरिस गावी चालला, फाशीच्या शिक्षा झाल्या, पण १८९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या रद्द केल्या आणि अखेर कोणालाच शिक्षा भोगावी लागली नाही. कोणत्याही न्यायालयाची हद्द न लागणाऱ्या भूमीवर गुन्हा घडला की काय होते, याचे एवढे स्पष्ट उदाहरण शोधून सापडायचे नाही.

१८९० च्या कायद्याने पट्टा ओक्लाहोमा टेरिटरीला जोडला गेला आणि सगळा मिळून एकच बीव्हर काउंटी झाला. १९०७ मध्ये ओक्लाहोमा राज्य झाले तेव्हा त्याचे तीन काउंटी केले गेले : पूर्वेला बीव्हर, पश्चिमेला सिमारॉन, आणि मधल्याला नाव मिळाले टेक्सास. ही जमीन टेक्सासने १८५० मध्ये सोडून दिली होती. सिमारॉन काउंटीला चार परक्या राज्यांच्या सीमा लागतात. अमेरिकेत असा हा एकटाच काउंटी आहे.