कुठल्या ‘सा’चा गंधार?

पेटीबद्दल आपल्याकडे दोन मतं सुखाने एकत्र नांदतात. पेटी हे मुळात बेसूर वाद्य आहे, हे एक. आणि पेटीशिवाय गाणं उभं राहत नाही, हे दुसरं. पुष्कळदा ही दोन्ही मतं एकाच माणसाची असतात.

मी कसालचा. मुंबई-गोवा महामार्गावरून मालवणचा रस्ता जिथे फुटतो, ते आमचं गाव. आमच्या भागात भजन म्हणजे पेटी, पखवाज, झांज आणि मागे साथ धरणारी दहा-पंधरा माणसं. डबलबारीत तर बुवाच पेटीवर बसतो. गाणारा आणि वाजवणारा एकच. अशा ठिकाणी बरीच वर्षं पेटी वाजवल्यावर या ‘बेसूर’ शब्दाचा एकदा नीट हिशोब मांडावासा वाटला. तो मांडता मांडता मी शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या सांगलीत जाऊन पोचलो.

आधी हिशोब. सप्तकाचे 1200 बारीक भाग कल्पिले, तर पेटीच्या लगतच्या दोन पट्ट्यांमध्ये बरोबर 100 भाग येतात. या भागाला ‘सेंट’ म्हणतात. ही मोजणी अलेक्झांडर एलिस या इंग्रज अभ्यासकाने 1885 मध्ये रूढ केली. पेटीचा शुद्ध गंधार ‘सा’पासून 400 सेंटांवर असतो. पण तंबोऱ्याच्या खर्जाच्या तारेतून जो गंधार आपोआप उमटतो, तो 386 वर. पेटीचा गंधार 14 सेंट चढा. कोमल गंधाराचं उलट: कानाला गोड लागणारा 316 वर, पेटीचा 300 वर. पंचमात मात्र फरक जेमतेम दोन सेंटांचा, म्हणून तो कुणाला खटकत नाही. पेटी बेसूर म्हणजे एवढीच बेसूर, पण तंबोरा शेजारी वाजत असला की चौदा सेंट लपत नाहीत.

पेटी अशी का? कारण ती मूळची युरोपची. 1840 च्या सुमारास पॅरिसमध्ये अलेक्झांडर देबँ याने तिला आकार दिला. तिथल्या संगीताला एका गाण्यात ‘सा’ बदलत राहावा लागतो, म्हणून बाराही सुरांना सारखं अंतर देऊन प्रत्येकाला थोडंथोडं बिघडवून ठेवलेलं. कुठूनही सुरुवात करा, बिघाड सारखाच.

आपली जुनी मोजणी वेगळी. भरताच्या ‘नाट्यशास्त्रा’त सप्तकाच्या बावीस श्रुती सांगितल्या आहेत आणि त्या सात स्वरांत चार-तीन-दोन-चार-चार-तीन-दोन अशा वाटल्या आहेत. तिथे आकडेमोड नाही. सारख्या लावलेल्या दोन वीणा घ्यायच्या, एक अचल ठेवायची आणि दुसरीचे स्वर पायरीपायरीने उतरवत पहिलीशी ताडून पाहायचे. सूक्ष्म स्वर ओळखायला दुसरं वाद्य लागतं, ही गोष्ट त्या प्रयोगातच आहे. एकट्या वीणेवर श्रुती दाखवता येत नाही.

सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल हे निवृत्त डेप्युटी कलेक्टर. त्यांनी या बावीस श्रुतींना आकडे देण्याचं मनावर घेतलं. गळा मिळाला तो अब्दुल करीम खाँसाहेबांचा. किराणा घराण्याचे खाँसाहेब, ज्यांचं नाव पुढे मिरजेशी कायमचं जोडलं गेलं. ते स्वर लावत आणि देवल कंपनांचं माप घेत. 1910 मध्ये देवलांचं बावीस श्रुतींवरचं इंग्रजी पुस्तक पुण्यात छापून निघालं. अर्नेस्ट क्लेमंट्स हे आय.सी.एस. न्यायाधीश त्यांना येऊन मिळाले, त्यांनी 1913 मध्ये भारतीय संगीतावर आपलं पुस्तक काढलं. दोघांनी मिळून ‘फिलहार्मोनिक सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया’ उभी केली आणि लंडनमध्ये खास ‘श्रुती हार्मोनियम’ बनवून घेतली. नेहमीच्या बारा सुरांऐवजी त्यांच्या मापाच्या श्रुती त्या पेटीत बसवलेल्या होत्या.

हा नाद दोन छांदिष्टांचा वाटतो, पण त्यामागचा विचार पक्का होता. गुरूच्या गळ्यातला सूर गुरूबरोबर जातो. तो कागदावर उतरवायचा तर खूण हवी, आणि खुणेचा अर्थ सगळ्यांना सारखा कळायचा तर कुठेतरी एक ठरलेला, न हलणारा सूर हवा. पेटी म्हणजे तो ठरलेला सूर. क्लेमंट्सनी म्हणूनच पाश्चात्त्य पाच रेघांच्या स्वरलिपीत श्रुतींसाठी जादा खुणा घातल्या. आज जगात कुणीही सूक्ष्म स्वरांत वाद्यवृंदासाठी लिहायला बसला, की त्याच्यापुढे हेच दोन प्रश्न येतात: लिहू कसं, आणि वाजवणाऱ्यांना तो सूर सापडणार कुठे? अमेरिकेच्या हॅरी पार्चने सप्तकाचे 43 भाग केले, तर त्याला आयुष्यभर स्वतःची वाद्यं सुतारासारखी घडवत बसावं लागलं. ती वाद्यं किंवा त्यांच्या प्रतिकृती जिथे असतील, तिथेच त्याचं संगीत वाजतं.

1916 मध्ये बडोद्याला सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयाने पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली. देवल-क्लेमंट्स यांची पेटी तिथे मांडली गेली, पण ती पंडितांच्या आणि गवयांच्या गळी उतरली नाही. परिषदेचे सूत्रधार विष्णु नारायण भातखंडे यांना हे श्रुतींचे आकडे मान्य नव्हते. त्यांनी स्वतः रोजच्या व्यवहारापुरते बारा स्वर धरले, दहा थाट मांडले आणि सुटसुटीत स्वरलिपी केली. ‘क्रमिक पुस्तकमालिके’चे सहा भाग त्याच लिपीतले. एखाद्या रागाचा रिषभ किती उतरलेला, हे त्या खुणांत दिसत नाही. ते गुरूने गळ्यातून सांगायचं. थोडक्यात, देवलांनी सगळं लिहायचं ठरवलं आणि भातखंडे यांनी काय लिहायचं नाही ते ठरवलं. घरोघरी पोचली ती भातखंड्यांची लिपी.

तोवर साधी, बारा सुरांची पेटी मात्र सगळीकडे घुसली होती. संगीत नाटकांत, मैफलीत, गोविंदराव टेंब्यांच्या बोटांत. तिला अडवलं ते आकाशवाणीने, आणि या बंदीची वाट मोकळी करणारा माणूस स्वतः सूक्ष्म स्वरांचा वेडा होता, हे मला कळलं तेव्हा गंमत वाटली.

जॉन फोल्ड्स हा मँचेस्टरचा संगीतकार. तरुण वयापासून तो अर्ध्या सुराच्याही अर्ध्या अंतराचे, म्हणजे 50 सेंटांचे स्वर वापरत होता. ‘डायनॅमिक ट्रिप्टिक’ या त्याच्या रचनेत तंतुवाद्यांचा अख्खा ताफा अशा सुरांवरून घसरत जातो. इथे एक खुलासा करायला हवा: हे पाव-स्वर आणि आपल्या श्रुती एक नव्हेत. आपल्या जवळजवळच्या दोन गंधारांतलं अंतर साधारण 22 सेंटांचं, म्हणजे त्याच्या निम्म्याहून कमी. फोल्ड्सची पत्नी मॉड मॅकार्थी हिने भारतीय संगीताचा अभ्यास केला होता, त्यामुळे हा फरक त्यांच्या घरात माहीत होता. 1935 मध्ये दोघं भारतात आले, आणि 1937 मध्ये फोल्ड्स दिल्ली आकाशवाणीवर पाश्चात्त्य संगीताचा प्रमुख झाला. तिथे त्याने भारतीय वाद्यांचा वृंद जमवला आणि वादकांना लिहिलेलं वाचून एकत्र वाजवायला शिकवलं. 1938 मध्ये ‘इंडियन लिसनर’मध्ये पेटीवर सडकून टीका करणारा लेख लिहिला. 1939 मध्ये कोलकात्यात पटकीने त्याचा मृत्यू झाला. पूर्व-पश्चिम एकत्र आणणारी त्याची सिंफनी आज कुठे सापडत नाही. मार्च 1940 मध्ये पेटी आकाशवाणीवरून हद्दपार झाली ती 1971 पर्यंत, आणि तेव्हाही बंदी अर्धीमुर्धीच उठली. पु. ल. देशपांडे आकाशवाणीत नोकरीला लागले, त्या काळात तिथे त्यांच्या लाडक्या वाद्याला मज्जाव होता.

दिल्लीत पेटीला दार बंद होतं, तेव्हा कोकणातल्या देवळांत ती जोरात वाजत होती. इथे तिला कुणी बेसूर म्हटलं नाही, आणि त्याचं कारण आमचे कान जाड आहेत हे नव्हे. काही वर्षांपूर्वी मी मंडळाची पेटी एका जुन्या कारागिराकडे नेली आणि गंधार जुळवून द्या म्हटलं. सूर उतरवायचा तर पितळी पाती बुडाशी खरवडायची, चढवायचा तर टोकाशी. पाच मिनिटांचं काम. कारागीर म्हणाला, “गंधार उतरवन देतंय, पण सा खंयचो तां सांगा. उद्या बुवा बदललो की काय करतलास?”

याचा हिशोब असा. आमचे बुवा काळी चारमध्ये गातात. काळी चारचा गंधार म्हणजे पांढरी एक. ती 14 सेंटांनी उतरवली, की पुढच्या बारीला काळी पाचमध्ये गाणाऱ्या बुवाची तीच पट्टी रिषभ होते, आणि तो रिषभ 18 सेंटांनी पडतो. एकाला दिलेला न्याय दुसऱ्यावर अन्याय. मैफलीचे गवई आपल्या पट्टीची ‘गंधार ट्यूनिंग’ केलेली पेटी बाळगतात, कारण त्यांचा सा ठरलेला असतो. गावाची पेटी मात्र सगळ्यांची, आणि सगळ्यांची म्हणून कुणाचीच पूर्ण नाही. ठाण्याचे डॉ. विद्याधर ओक यांनी अलीकडे 22 श्रुतींची पेटी घडवली, त्यात सा आणि प सोडून बाकी दहा स्वरांना दोन-दोन जागा आणि त्या निवडायची सोय आहे. देवलांना जे हवं होतं ते तिथे मिळतं. तरी कुठला राग, कुठली जागा, हे आधी ठरवूनच बसावं लागतं.

मग भजनात सूर लागतो तो कसा? माझा अनुभव असा, की अभंगाचं धृपद पंधरा जण उचलतात तेव्हा गंधार पेटीवर टेकत नाही. तो एकमेकांच्या आवाजांवर टेकतो आणि पट्टीच्या किंचित खाली स्थिरावतो. जाणता पेटीवाला अशा वेळी त्या पट्टीवरचं बोट हलकं करतो किंवा उचलतोच. ही तडजोड कुठे लिहिलेली नाही. भरताच्या दोन वीणांसारखं, एकाने अचल राहायचं आणि बाकीच्यांनी ऐकून जुळायचं. इथे अचल राहतो तो बुवाचा सा.

मला काळजी वाटते ती या ऐकण्याची. आता पेटी जुळवताना मोबाईल समोर ठेवतात, हिरवा दिवा लागला की सूर बरोबर. तो दिवा 400 वर लागतो, 386 वर नाही. काही मंडळांत कीबोर्ड आलाय, तो इतका मोठ्याने वाजतो की मागच्यांना एकमेकांचा आवाजच ऐकू येत नाही. पेटीने शंभर वर्षांत जे बिघडवलं नाही, ते न ऐकण्याने दहा वर्षांत बिघडेल. देवलांच्या बावीस श्रुती बरोबर होत्या की चूक, यावर अभ्यासकांनी वाद घालत राहावं. आमच्या मंडळात नव्या पोरांना शिकवताना मी एवढंच करतो: धृपद पहिल्यांदा पेटी बंद ठेवून म्हणायला लावतो.