पोलादी पात्यावरील जौहर

जुन्या तरवारींच्या व कट्यारींच्या पात्यांवर पाण्याच्या लहरींसारखी नक्षी दिसते. ती कोरलेली असावी, असा समज पुष्कळ ठिकाणी आढळतो. वस्तुतः ती वरून काढलेली नसून पोलादाच्या पोटातूनच वर येते. फारसीत तिला 'जौहर' म्हणत. हा विषय आपल्या लोहार ज्ञातीच्या जिव्हाळ्याचा असल्याने त्याची थोडी माहिती येथे देत आहे.

या विद्येची दोन जुनी स्थळे राळेगावच्या दोन बाजूंस आहेत. उत्तरेस नागपूर जिल्ह्यात नायकुंड येथे १९७८ ते १९८० च्या उत्खननात इसवी सनापूर्वी सुमारे ७०० वर्षांची लोखंड गाळण्याची भट्टी सापडली. दक्षिणेस पैनगंगा व गोदावरी ओलांडल्यावर निजामाबाद जिल्ह्यात कोनासमुद्रम हे गाव लागते. तेथील कारागीर दोन ठिकाणचे लोखंड एकत्र करून मातीच्या बंद मुशीत वितळवीत व सावकाश निवू देत. या पोलादाच्या वड्या घेण्यासाठी इराणचे व्यापारी तेथवर येत, असे डॉ. व्हॉयसी यांच्या १८३२ मध्ये छापलेल्या वृत्तांतात आहे.

अशा वडीत कर्ब शेकडा दीडच्या आसपास असतो. ती घडविताना कर्बयुक्त कठीण कणांच्या ओळी जमतात. खरी परीक्षा येथेच होते. ताप जास्त झाला तर कण विरघळून जौहर नाहीसे होते. कमी पडला तर वडी तडकते. मापयंत्र नसता केवळ रंगावरून हा ताप ओळखावा लागे. पुढे पाते घासून चकचकीत करीत व त्यास हिराकशीचे पाणी लावीत. त्यायोगे लोखंड काळवंडे, कठीण कण पांढरे राहत आणि लहरी उमटत. पात्यावर आडव्या खाचा पाडून ते पुन्हा ठोकून सपाट केले, की त्याच लहरी शिडीच्या पायऱ्यांसारख्या दिसत.

१७९४ साली डॉ. हेलेनस स्कॉट यांनी मुंबईहून या पोलादाचे नमुने लंडनला रॉयल सोसायटीच्या अध्यक्षांकडे धाडले. फॅरडेसारख्या थोर शास्त्रज्ञानेही पुढे त्यावर प्रयोग केले. परंतु परदेशी स्वस्त पोलाद आले, मुशींच्या भट्ट्या विझल्या आणि हातांबरोबर विद्याही गेली. जौहर उमटण्यास लोखंडातील व्हॅनेडियमसारख्या धातूंचा अत्यल्प अंश कारण होतो, हे १९९८ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखविले. त्यात प्राध्यापक वर्होव्हेन यांच्या जोडीस पेंड्रे नावाचे पाती घडविणारे लोहार होते. विद्वानासही अखेर ऐरणीवरच्या हाताची गरज लागली, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

विळ्याला वा कुऱ्हाडीला पाणी देताना कोणता रंग पाहावा, हे आपल्यातील काही वृद्धांस अद्याप ठाऊक आहे. त्यांच्या घरातील शिकलेल्या मुलामुलींनी भात्यापाशी बसून ते वहीत उतरून घ्यावे, एवढीच सर्व ज्ञातिबांधवांस नम्र विनंती.