कापलेला अर्धा तास

झंपर शिवताना बिघडला, तर आपण काही तो फेकून देत नाही. उसवतो, नको तेवढं कापतो आणि पुन्हा शिवतो. सिनेमाचंही लोक असंच करतात, हे मला भाचीकडून कळलं, तेव्हा नवलच वाटलं.

२०१६ साली अमेरिकेत ‘बॅटमॅन: द किलिंग जोक’ हा अ‍ॅनिमेशनपट आला. मूळ चित्रकथा १९८८ ची. लेखक अ‍ॅलन मूर, चित्रकार ब्रायन बोलंड. तिच्यात बार्बरा गॉर्डन, म्हणजे पोलीस कमिशनरची मुलगी आणि एकेकाळची बॅटगर्ल, घराचं दार उघडते आणि समोर उभा असलेला जोकर तिला गोळी घालतो. ती अपंग होते. कशासाठी? तर तिच्या बापाला वेड लागावं म्हणून! तिचं स्वतःचं असं त्या कथेत काहीच नाही.

कथा जेमतेम पन्नास पानांची. सिनेमा भरावा आणि बार्बरालाही जागा मिळावी, म्हणून निर्मात्यांनी सुरुवातीला सुमारे अर्ध्या तासाचा नवा भाग जोडला. पण त्यात तिच्या वाट्याला आलं काय? मागे लागलेला एक गुंड आणि गुरूसारख्या बॅटमॅनशी गच्चीवर जडलेला शरीरसंबंध. प्रेक्षक चिडले. मग काही चाहत्यांनी घरच्या संगणकावर तो भागच छाटून टाकला. उरला तो पाऊण तासाचा, मूळ कथेला धरून असलेला सिनेमा.

ही कात्री काही आजची नव्हे. १९३६ साली जोसेफ कॉर्नेल या कलावंतानं ‘ईस्ट ऑफ बोर्निओ’ हा बोलपट कापून-जोडून त्यातल्या नायिकेभोवती नवा लघुपट केला आणि त्याला तिचंच नाव दिलं, ‘रोझ होबार्ट’. १९७५ साली कँडी फाँग या बाईंनी ‘स्टार ट्रेक’ मालिकेच्या स्लाइड एका गाण्यावर बसवून दाखवल्या. पुढे व्हीसीआर आले, तेव्हा कितीतरी बायका घरी बसून आवडत्या मालिकांतले तुकडे गाण्यांवर जोडू लागल्या. म्हणजे, मैत्रिणींनो, या कलेत बायकांचा हात पहिल्यापासून आहे.

म्हणूनच ‘किलिंग जोक’ची ती छाटणी मला पुरती पटली नाही. त्या अर्ध्या तासात बार्बराची हेळसांड होती, हे खरंच. पण तो कापल्यावर ती पुन्हा फक्त दार उघडण्यापुरती उरली. अपमान गेला, आणि त्याबरोबर बाईही गेली.

याआधी एकदा वेगळी दुरुस्ती झाली होती. किम येल आणि जॉन ऑस्ट्रँडर या लेखक नवरा-बायकोला बार्बराचं असं वाया जाणं रुचलं नाही. १९८९ साली त्यांनी ‘सुइसाइड स्क्वॉड’ या चित्रकथेत तिला ‘ओरॅकल’ म्हणून परत आणलं. चाकाच्या खुर्चीत बसून, संगणकाच्या जोरावर ती भल्याभल्या वीरांना माहिती पुरवू लागली. त्यांनी ती गोळी पुसली नाही. गोळीनंतरचं तिचं आयुष्य लिहिलं.

आवडत्या गोष्टीत कोणी बिघाड केला, तर कात्री हाती जरूर घ्यावी. फक्त कापायच्या आधी एवढं बघावं, की उरलेल्या कापडात त्या बाईला अंग मावतंय का. नसेल मावत, तर नवा तुकडा जोडावा लागेल. आपल्याला ते कुणी शिकवायला नको.