आखाजीची उचल आणि कंपनीचा बाँड



आपल्या खान्देशात आखाजीला सालदाराचं साल संपतं आणि नवं ठरतं. ठरवताना मालक उचल देतो. उचल घेतली की पुढच्या आखाजीपर्यंत काम सोडता येत नाही. हा व्यवहार आपल्याला कुणी समजावून सांगावा लागत नाही. आता आपल्या मुक्ताईनगर तालुक्यातल्या मुली पदवी घेऊन पुण्याच्या संगणक कंपन्यांकडे निघाल्या आहेत, आणि घरी एक कागद येतो. 'आम्ही शिकवू, नोकरी देऊ, पण दोन वर्षं सोडायची नाही. सोडली तर पैसे भरा.' खाली जामीनदार म्हणून आईची नाहीतर वडिलांची सही हवी असते. हा कागद आला कुठून, ते आज पाहू.

शिकता शिकता कमवायचं ही रीत आपल्याकडे जुनी आहे. १८७० मध्ये मुंबई ते कलकत्ता रेल्वे जोडली गेली. भुसावळ मोठं जंक्शन झालं आणि इंजिनाची कामं माणसं तिथं हाताखाली राहून शिकली. पुढे भुसावळला १९४९ मध्ये आणि वरणगावला १९६४ मध्ये आयुध निर्माणी आली. १९६१ मध्ये शिकाऊ उमेदवारांचा कायदा झाला. करार लेखी हवा, त्याची नोंद हवी, महिन्याला विद्यावेतन हवं, उमेदवार अज्ञान असेल तर पालकाची सही हवी, असं त्यात बांधून दिलं. एक गोष्ट मात्र त्यानं बांधून दिली नाही. शिकणं संपल्यावर त्याच ठिकाणी नोकरी मिळेलच, असं नाही. कित्येक मुलं शिकून घरी परतली.

संगणक कंपन्यांनी हे उलटं केलं. नोकरी आधी, शिकणं नंतर. इन्फोसिस १९८१ मध्ये पुण्यातच सुरू झाली. नव्वदच्या दशकात परदेशातली कामं वाढली आणि शिकलेले हात कमी पडू लागले. विप्रोनं १९९५ पासून बी.एस्सी. झालेल्या मुलामुलींना कामावर घेऊन, पगार देत, पिलानीच्या संस्थेतून पुढची पदवी घेण्याची सोय केली. इंजिनिअरिंगची फी न परवडणाऱ्या घरांना हा मोठा दरवाजा होता. इन्फोसिसनं म्हैसूरला राहण्याजेवणासकट मोठं प्रशिक्षण केंद्र उभारलं. त्याच काळात, १९९० मध्ये, जळगावला आपलं विद्यापीठ झालं, म्हणून पदवी घराजवळ आली.

पण शिकवायला खर्च येतो. मुलगी शिकून लगेच दुसरीकडे गेली तर तो वाया जातो, असं कंपन्यांचं म्हणणं. त्यातून बाँड आला. मागोमाग लहान कंपन्या आल्या. काही मुलांना शिकवून दुसऱ्या कंपनीच्या कामावर पाठवतात. काही तर नुसते क्लास असतात, फी घेतात आणि नोकरीचं आश्वासन देतात.

यात फायदा खरा आहे. अनुभव नसलेल्या मुलीला पहिलं काम मिळतं. शिकताना हातात पैसे येतात. इंग्रजी बोलण्याची भीड जाते. दोन वर्षांनी तिच्या नावापुढे अनुभव लागतो, आणि पुढची नोकरी ती स्वतः मागू शकते.

तोटाही तितकाच खरा आहे. पगार कमी, नेमणूक कुठल्याही शहरात, आणि चांगली संधी आली तरी हलता येत नाही. शिवाय बाँड मुलीला बांधतो, कंपनीला तितकं बांधत नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये म्हैसूरच्या केंद्रातून तीनशेहून जास्त प्रशिक्षणार्थींना परीक्षेत पास न झाल्यामुळे काढण्यात आलं. तीन संधी दिल्या होत्या, असं कंपनीनं सांगितलं. पुण्याच्या कर्मचारी संघटनेनं केंद्रीय कामगार मंत्रालयाकडे तक्रार केली. घरच्यांच्या लेखी मात्र त्या मुलांची नोकरी पक्की झालेली होती.

कायदा काय म्हणतो? १८७२ च्या करार कायद्याच्या २७ व्या कलमानं, एखाद्याला पोटापाण्याचा धंदा करण्यापासूनच अडवणारा करार चालत नाही. ७४ व्या कलमानं, करार मोडला तर वाजवी भरपाईच मागता येते, कागदावर आकडा कितीही मोठा असो. पण म्हणून प्रत्येक बाँड खोटा नाही. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं एका सरकारी बँकेचा तीन वर्षांचा, दोन लाखांचा बाँड योग्य ठरवला. 'सही करून टाक, कोण विचारतंय' असं कुणी म्हटलं तर ऐकू नका.

आमच्या मते हिशेब असा मांडावा. शिकण्याचा खर्च कोण करतंय, ते आधी पाहा. कंपनी पगार देऊन शिकवत असेल, तर वर्ष-दोन वर्षांचा बाँड समजण्यासारखा आहे. फी आपणच भरायची आणि बाँडही आपणच द्यायचा, म्हणजे एकाच मालाचे दोनदा पैसे. तिथून परत फिरावं. मग विचारा: शिकताना हातात किती येणार? परीक्षेत नापास झाली तर पैसे कोण कुणाला देणार? बाँडची मुदत शिकणं सुरू झाल्यापासून मोजायची की संपल्यापासून? काम मिळेपर्यंत बसून राहावं लागलं तर पगार चालू राहील का? आधी गेलेल्या दोन मुलींशी बोलता येईल का? उत्तरं कागदावर घ्या. मूळ गुणपत्रिका दाखवून परत आणा, ठेवून देऊ नका.

कागद इंग्रजीत असेल तर बचत गटाच्या बैठकीत आणा आणि कॉलेजात जाणाऱ्या मुलीकडून मोठ्यानं वाचून घ्या. तरी शंका उरली तर तालुका विधी सेवा समितीकडे जा. उत्पन्न कितीही असलं तरी बाईला तिथं सल्ला फुकट मिळतो. कंपनी 'आजच सही करा' म्हणाली, तर दोन दिवस मागून घ्या. दोन दिवस थांबायला जी तयार नाही, तिच्याकडे दोन वर्षांसाठी मुलगी पाठवायची का, हे मग तुम्हीच ठरवा.