मागचे इंजिन

मुंबईहून पुण्याकडे निघालेली गाडी कर्जतला थांबते. प्रवाशांच्या लेखी तो थांबा बटाटेवड्यासाठी असतो. वस्तुतः तो बोरघाटासाठी असतो. ३७ फुटांमागे एक फूट अशा त्या चढावर केवळ पुढच्या इंजिनाचे बळ पुरत नाही, म्हणून आजही अनेक गाड्यांना कर्जतला मागून इंजिने लावतात. रेल्वेची भाषा त्यांना ‘बँकर’ म्हणते. लोणावळा आले की ती सुटी होतात आणि गाडी पुढे जाते. डब्यात बसलेल्यांपैकी फार थोड्यांना आपल्याला कोणी मागून ढकलले याची जाणीव असते.

आपल्या रेल्वेच्या जमाखर्चाचा इतिहास चाळताना आम्हांला या मागच्या इंजिनाची वारंवार आठवण होते. गाडी कोण ओढतो हे सगळ्यांना दिसते. ती कोण ढकलतो हा प्रश्न मात्र प्रत्येक काळात नव्याने विचारावा लागतो.

आरंभी हा प्रश्न फारच सोपा होता. १८४९ साली ईस्ट इंडिया कंपनी आणि ‘ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे’ यांच्यात जो करार झाला, त्यात इंग्लंडमधील भागधारकांना सालीना पाच टक्के परतावा निश्चित करून दिला होता. जमीन फुकट मिळायची. उत्पन्न कमी पडले तर तूट हिंदुस्थानच्या तिजोरीतून भरून निघायची, आणि त्या तिजोरीत सर्वांत मोठा वाटा शेतसाऱ्याचा होता. बुडीत जाण्याचे भयच नसल्यावर काटकसर कशासाठी? दर मैलाचा खर्च आरंभीच्या अंदाजाच्या दुपटीपलीकडे गेला. आपण दिलेला पैसा विटा-चुन्यात जिरला की हुगळीत बुडाला याचे इंग्रज भांडवलदाराला सोयरसुतक नव्हते, अशा आशयाची साक्ष माजी अर्थसदस्य विल्यम मॅसी यांनी १८७२ मध्ये पार्लमेंटच्या समितीपुढे दिली होती. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला जी गाडी निघाली, तिला मागून ढकलणारा होता देशावरचा कुणबी. त्याने तोवर आगगाडी पाहिलीही नव्हती.

ही गाडी धावायची होती ती मालासाठी. १८४५ साली कंपनीच्या संचालकांनी लिहिलेल्या पत्रात असा होरा होता की, इंग्लंडात रेल्वे उतारूंवर चालते, हिंदुस्थानात ती मालावर चालेल. येथले लोक दरिद्री आणि धर्मभीरू, ते प्रवास कशाला करतील? डलहौसीच्या १८५३ च्या टिपणात कापसाची निकड स्पष्ट दिसते. बोरघाट १८६३ मध्ये आणि थळघाट १८६५ मध्ये खुला झाला. घाट फोडताना पटकी आणि अपघात यांनी मजुरांचे प्राण घेतले. खुद्द ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये येथे आल्यावर थोड्याच दिवसांत वारला आणि उरलेले काम त्याच्या पत्नीने, ॲलिसने, हाती घेऊन पुढे नेले. रूळ नागपूरला पोहोचले १८६७ मध्ये. ज्या अमेरिकन यादवीमुळे कापसाला सोन्याचा भाव आला होता, ती तोवर संपूनही गेली होती. तरीही १८७० मध्ये लॉर्ड मेयो खामगावच्या फाट्याचे उद्घाटन करण्यास आले, ते कापसाच्या बाजारासाठीच.

संचालकांचा होरा निम्मा खरा ठरला. मालाने अधिक पैसा दिला हे खरे. पण जे येणारच नव्हते ते लोकही आले, आणि लोंढ्याने आले. एकूण उतारूंत नव्वद टक्क्यांहून अधिक तिसऱ्या वर्गाचे असत. उतारूंच्या उत्पन्नाचा कणा तेच होते. आणि १८७० च्या दशकात त्यांच्यासाठीच जी.आय.पी.ने बाके नसलेले डबे काढले होते. १९१७ मध्ये गांधीजींनी तिसऱ्या वर्गाविषयी जे लिहिले, त्यात दुर्गंधी आणि गर्दी यांच्या वर्णनाइतकाच हिशेबही आहे. पहिल्या वर्गाचे भाडे तिसऱ्याच्या पाचपट. पण पहिल्यातील सुखसोयींचा पाचवाच काय, दहावा हिस्सा तरी तिसऱ्यात मिळतो का, असा त्यांचा सवाल होता.

मालाच्या दरांतही असाच तिरपेपणा होता. बंदराकडे जाणाऱ्या आणि बंदरातून येणाऱ्या मालाला सवलतीचा दर, देशातल्या देशात फिरणाऱ्या मालाला चढा, ही तक्रार १९१८ च्या औद्योगिक आयोगाच्या अहवालापर्यंत पोहोचली. त्याच्या कितीतरी आधी गणेश व्यंकटेश जोशी यांनी म्हटले होते की, रेल्वेला दिलेले साहाय्य हे वस्तुतः इंग्रजी कारखानदारीला दिलेले साहाय्य होय. रेल्वे सरकारी तिजोरीला भार न राहता नफा देऊ लागली ती १९०० च्या सुमारास, म्हणजे पहिल्या गाडीनंतर जवळजवळ अर्ध्या शतकाने. १९२४ मध्ये रेल्वेचा अर्थसंकल्प सर्वसाधारण अर्थसंकल्पातून वेगळा काढला गेला आणि १९२५ मध्ये जी.आय.पी.चा कारभार सरकारने हाती घेतला.

स्वातंत्र्यानंतर इंजिनांची जागा बदलली. तिसऱ्या वर्गाचा उतारू आता मतदार झाला. भाडे वाढवणे राजकीय धाडस ठरले. २०१२ च्या मार्चमध्ये दिनेश त्रिवेदी यांनी ते केले आणि काही दिवसांतच त्यांचे मंत्रिपद गेले. उतारूची तूट मालाच्या भाड्यातून भरून काढण्याचा शिरस्ता पडला. आज एका उतारूला एक किलोमीटर नेऊन रेल्वेला जे मिळते, ते एक टन माल तेवढाच नेऊन मिळणाऱ्या रकमेच्या साधारण तृतीयांश आहे. प्रवासखर्चापैकी सरासरी ५७ टक्केच रक्कम वसूल होते, असे वाक्य २०१६ पासून तिकिटांवर छापले जाऊ लागले. उपकाराची ही आठवण वाचताना आम्हांला नेहमी वाटते, उरलेले ४३ टक्के कोण देतो हेही तेथेच छापायला हवे होते.

कारण ते देते मालगाडी. आणि तीच बाजूच्या रुळावर ताटकळत उभी असते. एक्स्प्रेस वेगवान, मालगाडी संथ. एकाच रुळावर दोघींना चालवायचे तर एका एक्स्प्रेसला वाट देण्यासाठी अनेक मालगाड्यांची जागा खर्ची पडते. दर चढे, पोहोचण्याची वेळ अनिश्चित. मग व्यापाऱ्याने ट्रक का पत्करू नये? १९५० च्या सुमारास देशातील चार-पंचमांशाहून अधिक माल रुळांवरून जाई. आज तो एक-तृतीयांशाहूनही कमी आहे. राहिला तो मुख्यतः ज्याला दुसरी वाट नाही असा माल, आणि त्यात वजनाने निम्म्याच्या आसपास कोळसा. मालगाड्यांसाठी स्वतंत्र मार्ग बांधण्याची उपरती झाली ती या शतकात.

येथे आमचा मूळ प्रश्न पुन्हा उभा राहतो. कोळशाच्या वाघिणीवर चढवलेला अधिभार वीजकेंद्रात पोहोचतो, तेथून विजेच्या दरात उतरतो आणि अखेर त्याच माणसाच्या घरी येतो, ज्याला तिकिटावर ‘सवलत’ मिळाली होती. सिमेंट आणि खत यांचेही तेच. याचा अर्थ स्वस्त तिकीट ही चूक आहे, असे आम्ही म्हणत नाही. कसारा-कर्जतहून रोज मुंबईला येणाऱ्याचा मासिक पास महागला, तर त्याची नोकरीच परवडेनाशी होईल. किंबहुना त्या पासाचा लाभ त्याच्याइतकाच त्याला अल्प पगारात राबवणाऱ्या शहरालाही होतो. मग शहराने आणि सरकारने तो भार उघडपणे, कराच्या रूपाने उचलावा. मालगाडीच्या पाठीवर गुपचूप लादू नये. २०१७ मध्ये रेल्वेचा वेगळा अर्थसंकल्प पुन्हा सर्वसाधारण अर्थसंकल्पात विलीन झाला. तेव्हापासून तर हे ओझे सरळ सरकारच्या खात्यावर मांडण्यास निमित्तही उरलेले नाही.

पाच टक्क्यांची हमी देणारा कुणबी आणि विजेचे बिल भरणारा आजचा उतारू यांच्यात दीडशेहून अधिक वर्षांचे अंतर आहे; दोघांनाही गाडीचे खरे भाडे कोणी सांगितले नाही, एवढे मात्र समान आहे. घाट चढायचा तर मागचे इंजिन लागणारच. पण कर्जतला गाडी थांबते तेव्हा वडा घेता घेता एकदा फलाटाच्या शेवटच्या टोकापर्यंत चालत जावे, आणि आपल्याला कोण ढकलते आहे ते पाहून यावे.