'बेलगाम' म्हणताना लगाम कोणाच्या हातात?

पेपर कसा वाचायचा हे शिकताना आपण सॅम्पल साइज बघतो, ग्राफचे अक्ष बघतो, कंट्रोल होता का ते विचारतो. विशेषणांना मात्र सहसा कोणी हात लावत नाही. म्हणून आज अशाच एका गटाचा इतिहास पाहू: 'आवर नाही, संयम नाही' असं सांगणारी इंग्रजी विशेषणं. जीआरईच्या शब्दयाद्यांत त्यांच्यापुढे जवळजवळ एकच अर्थ लिहिलेला असतो. पण प्रत्येकाची कहाणी वेगळी आहे.

आधी आपले मराठी शब्द घ्या. 'बेलगाम'मध्ये घोडा आहे, 'निरंकुश'मध्ये हत्ती, 'मोकाट'मध्ये गुरं, तर 'उच्छृंखल'मध्ये तुटलेली साखळी. म्हणजे हे शब्द फक्त 'आवर नाही' एवढंच सांगत नाहीत. आवरायचं कोणाला आणि आवरणारा कोण, हेही ते गृहीत धरतात.

इंग्रजीतही हेच. 'अनब्रायडल्ड' म्हणजे सरळ आपला बेलगाम. 'रॅम्पंट' आला जुन्या फ्रेंचमधल्या 'चढणे' या क्रियापदावरून. सरदारांच्या ढालींवर मागच्या पायांवर उभा असलेला सिंह तो रॅम्पंट. आज तण आणि भ्रष्टाचारही रॅम्पंट असतात. 'डिसोल्यूट' म्हणजे बंध सुटलेला. पाण्यात मीठ 'डिझॉल्व्ह' होतं आणि व्यसनात वाहवलेला माणूस 'डिसोल्यूट' होतो, दोघांचं लॅटिन मूळ एकच.

'वाँटन' हा शब्द अस्सल इंग्रजी मुळांचा. पहिला भाग 'नसलेला' या अर्थाचा, दुसरा 'ओढून वळण लावलेला' या अर्थाचा. थोडक्यात, वळण नसलेला. सुरुवातीला तो वांड पोरांना लावत. शेक्सपिअरच्या 'किंग लिअर'मध्ये तो माशा मारणाऱ्या पोरांसाठीच आला आहे. पण तोच शब्द बाईला लावला की अर्थ 'चारित्र्यहीन' असा होऊ लागला. कायद्यात तो तिसऱ्याच वाटेने गेला: 1860 च्या भारतीय दंड संहितेच्या कलम 153 मध्ये दंगल व्हावी म्हणून 'वाँटनली' चिथावणी देणं हा गुन्हा होता. आता भारतीय न्याय संहितेच्या कलम 192 मध्येही तो शब्द आहे. इथे तो कृतीला लागतो, कोणाच्या चारित्र्याला नाही.

'ल्यूड'चा प्रवास तर डोळे उघडणारा आहे. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ होता 'पाद्री नसलेला, सामान्य'. पुढे तो 'निरक्षर' झाला, मग 'हलक्या दर्जाचा' आणि शेवटी 'अश्लील'. लिहिता-वाचता येणाऱ्यांनी न येणाऱ्यांबद्दल काय मत केलं, ते या एका शब्दात साठलंय.

आता विज्ञानाच्या विद्यार्थ्याला हमखास भेटणारा शब्द: 'प्रॉमिस्क्युअस'. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ फक्त 'मिसळलेला'. 19 व्या शतकात अमेरिकेत स्त्री-पुरुष एकत्र बसलेल्या सभेला 'प्रॉमिस्क्युअस' सभा म्हणत. सारा आणि अँजेलिना ग्रिमके या बहिणी 1837 साली अशाच सभांत गुलामगिरीविरुद्ध बोलत होत्या. त्याच वर्षी मॅसॅच्युसेट्सच्या पाद्र्यांनी पत्रक काढून स्त्रियांच्या जाहीर बोलण्यावर टीका केली. शब्दाचा अर्थ नुसता 'मिश्र' होता, पण मिसळणं हाच दोष मानला जात होता. पुढे लैंगिक अर्थ वरचढ ठरला.

जुना अर्थ विज्ञानात अजून जिवंत आहे. नेटवर्क कार्ड 'प्रॉमिस्क्युअस मोड'मध्ये टाकलं की ते पत्ता न बघता सगळे पॅकेट घेतं. एकापेक्षा जास्त प्रकारच्या अभिक्रिया घडवणाऱ्या एन्झाइमलाही हेच विशेषण लावतात. तिथे कोणाचं काही बिघडत नाही. प्रश्न येतो तो प्राण्यांच्या वर्तनात.

1948 साली बेटमन यांनी फळमाश्यांवरचा प्रयोग प्रसिद्ध केला. जितक्या जास्त माद्या तितकी नराची संतती वाढते, मादीला मात्र जास्त जोडीदारांचा तसा फायदा होत नाही, असा निष्कर्ष निघाला. नर निवड न करणारा, मादी चोखंदळ पण निष्क्रिय, ही विशेषणंही त्याच पेपरमधली. निष्कर्ष पाठ्यपुस्तकांत पक्का बसला. 2012 मध्ये पॅट्रिशिया गोवाटी आणि सहकाऱ्यांनी तोच प्रयोग त्याच पद्धतीने पुन्हा केला. संततीचे आई-बाप ओळखायला बेटमन यांनी दिसणारी म्युटेशन वापरली होती. पण दोन्हीकडून म्युटेशन आलेली पिल्लं जास्त मरत होती, त्यामुळे मोजणीच एका बाजूला झुकत होती. विशेषणामुळे प्रयोग चुकला, असं म्हणता येणार नाही. पण उत्तर आपल्या समजुतीला साजेसं असलं की पद्धत तपासायची घाई कोणाला नसते. याच गोवाटींनी 1982 मध्येच लिहिलं होतं की, प्राण्यांच्या वर्तनासाठी माणसांच्या नीतीचे, भावना चाळवणारे शब्द टाळावेत.

'अनेक नरांशी समागम करणारी मादी' असं लिहिलं तर किती नर, हे मोजता येतं. 'प्रॉमिस्क्युअस मादी' म्हटलं की तिने किती करायला हवे होते, हेही आपण ठरवून टाकतो. मराठीत 'स्वैर अनुवाद' चालतो, 'स्वैर स्त्री' म्हटलं की शिवी होते. तेच आहे हे.

म्हणून थीसिसमध्ये, अगदी सिनॉप्सिसमध्येसुद्धा, असं विशेषण लिहिण्याआधी तीन प्रश्न विचारा. मर्यादा नेमकी कोणती? ती कोणी आखली? ती ओलांडली हे मी मोजलंय का? समजा, 'अँटिबायोटिक्सचा इनडिस्क्रिमिनेट वापर' असं लिहायचंय. म्हणजे काय? चिठ्ठीशिवाय विक्री, कल्चर टेस्टआधीच औषध, की विषाणूच्या आजारात दिलेलं औषध? यातलं तुम्ही जे मोजलंय तेच लिहा. वाक्य थोडं लांबेल, पण व्हायव्हात त्यावर प्रश्न आला तर उत्तर तुमच्याकडे असेल.